ट्रंकेतले अंक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मित्राच्या माडीवरच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण जमतो. मधोमध एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात जगभरातल्या समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी लोकांनी काढलेली वर्तमानपत्रं आणि मासिकं आहेत. थोडी अस्सल, बाकी झेरॉक्स. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे प्रश्नही माझ्याकडेच येतात, ते बहुधा रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

काका, ट्रंकेत नक्की काय काय आहे?

सगळ्यात वर ‘बॉम्बे दोस्त’चे काही अंक, कडा पिवळ्या पडलेले. त्याखाली कॅलिफोर्नियाहून यायचं ते ‘त्रिकोण’. हे माझे स्वतःचे, वर्गणी भरून मागवलेले. मग झेरॉक्सची बाडं: अमेरिकेतली ‘वन’ आणि ‘द लॅडर’, लंडनचं ‘गे न्यूज’, टोरोंटोचं ‘द बॉडी पॉलिटिक’. एक जपानी अंक आहे. तो आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही, पण ट्रंक उघडली की पहिला हात त्यालाच जातो. तळाशी ‘समाजस्वास्थ्य’ या जुन्या मराठी मासिकाची काही पानं आहेत. आणि एक रिकामं खाकी पाकीट आहे, कोपऱ्यात चौकोनी भोक पडलेलं. ते फेकू नका. त्याची गोष्ट पुढे येईल.

पेटीची कल्पना माझी नव्हे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं, आणि मग इथून खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायला लागल्या. सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनीवर जपून पाय टाकत मी लहानपणी मराठी वाचायला शिकलो. त्या पेट्यांचं तेव्हा ऐकलं होतं, ते डोक्यात राहिलं.

त्यात घाणेरडं काही असतं का? (आईने विचारायला सांगितलंय.)

आईंना सांगा, बहुतेक अंक इतके रूक्ष आहेत की सहकारी पतपेढीचा अहवाल बरा. कोर्टाच्या निकालांचे उतारे, सभेचे वृत्तान्त, डॉक्टरांचा सल्ला, पुस्तकपरीक्षणं आणि कविता. कविता बऱ्याचशा वाईट. जपानी अंकात उघडी चित्रं आहेत. तो वेगळ्या पिशवीत असतो. बैठकीला अठरा पूर्ण झालेल्यांनाच बोलावतो.

जगातलं पहिलं असं मासिक कोणतं?

पैज लागली असेल तर ‘डेर आयगेनं’ म्हणा. आडोल्फ ब्रांट नावाच्या माणसाने ते १८९६ मध्ये बर्लिनला काढलं आणि खंड पडत पडत १९३२ पर्यंत रेटलं. समोरचा खवट असेल तर तो १८७० सालचं ‘उरानुस’ काढेल. कार्ल हाइनरिख उल्रिक्स या जर्मन कायदेपंडिताने ते नियतकालिक म्हणून सुरू केलं आणि पहिल्याच अंकात संपलं. एकाच अंकाला नियतकालिक म्हणावं का, यावर आमच्याकडे चहा गार होईपर्यंत वाद होतो. ज्या भाषेत अनियतकालिकांची चळवळ झाली, तिच्या वाचकांनी याबाबतीत जरा मोठं मन ठेवावं, असं माझं मत.

पण पहिलं कोण यापेक्षा मला १९२०च्या दशकातलं बर्लिन जास्त नवलाचं वाटतं. १९१९ पासून ‘डी फ्रॉइंटशाफ्ट’ म्हणजे ‘मैत्री’, आणि १९२४ पासून खास बायकांसाठी ‘डी फ्रॉइंडिन’ म्हणजे ‘मैत्रीण’. ही पत्रं रस्त्यावरच्या स्टॉलवर उघड विकली जायची. आपल्या न्यायमंदिरासमोर पेपरवाल्याने दोरीला चिमटे लावून अंक टांगावेत, तशी. १९३० मध्ये पारलिंगी वाचकांसाठी ‘तिसरं लिंग’ अशा अर्थाच्या नावाचं मासिकही निघालं. शंभर वर्षं होत आली त्याला. मग १९३३ उजाडलं. ६ मे रोजी नाझी विद्यार्थ्यांनी माग्नुस हिर्शफेल्ड यांच्या लैंगिकतेवरच्या संशोधनसंस्थेवर धाड घातली, १० मे रोजी तिथली पुस्तकं भर चौकात जाळली, आणि ते सगळे स्टॉल ओस पडले.

त्या अंधारातून एकच मासिक तगून राहिलं, तेही जर्मनीत नव्हे, झुरिकला. १९३२ मध्ये दुसऱ्याच नावाने सुरू झालेलं, १९४३ पासून ‘डेर क्राइस’ म्हणजे ‘वर्तुळ’. संपादक ‘रोल्फ’ या नावाने लिहायचा, मूळचा नट. पुढे एकाच अंकात जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषा असत. १९६७ मध्ये बंद पडलं. हे नाव लक्षात ठेवा, एका अमेरिकन खटल्यात ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत हे सगळं स्टोनवॉलच्या दंगलीनंतर सुरू झालं ना?

असं बरेच जण लिहितात, आणि मला दर वेळी राग येतो. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांनी धाड घातली म्हणून १९६९ मध्ये जी दंगल झाली, तिच्यानंतर पत्रं भराभर वाढली, हे खरं. ‘वॉशिंग्टन ब्लेड’ त्याच वर्षी ऑक्टोबरात एका पानाच्या सायक्लोस्टाइल पत्रकाच्या रूपात सुरू झालं. पण ‘अ‍ॅडव्होकेट’ १९६७ पासून लॉस एंजेलिसला निघत होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, शिकागोत हेन्री गर्बर नावाच्या माणसाने ‘फ्रेंडशिप अँड फ्रीडम’ काढलं होतं. गर्बर कोण होता? टपालखात्यातला कर्मचारी. १९२५ मध्ये पोलिसांनी त्याला पकडलं, खटला टिकला नाही, पण नोकरी गेली. त्या पत्रकाची एकही प्रत आज मिळत नाही.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट १९४७ची. लॉस एंजेलिसच्या एका फिल्म स्टुडिओत एक तरुण टंकलेखिका होती. साहेबांकडे तिला द्यायला पुरेसं काम नसे. ते म्हणाले, काम नसलं तरी कामात आहेस असं दिसलं पाहिजे. ही बाई मशीनवर बसली आणि कार्बन घालून चक्क मासिक टाइप करायला लागली. ‘व्हाइस व्हर्सा’. एका अंकाच्या प्रती डझनाच्या आतबाहेर. संपादक ती, लेखक ती, मुद्रकही तीच. अंक संपला की दुसरीला द्या, एवढी विनंती. सुरुवातीला टपालाने पाठवायची. एका मैत्रिणीने सावध केल्यावर हातोहात वाटू लागली. नऊ अंक निघाले. पुढे तिने ‘लिसा बेन’ हे टोपणनाव घेतलं. त्यातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की ‘लेस्बियन’ होतं.

मी बँकेत टाइपरायटरवर कार्बन लावून आयुष्याची काही वर्षं काढली आहेत. पाचव्या कार्बनची प्रत कशी दिसते हे मला ठाऊक आहे. ‘अ’ आणि ‘आ’ ओळखू येत नाहीत. ती पाचवी प्रत कुणीतरी रात्री दिव्याखाली धरून वाचली असेल.

तुम्ही प्रत्येक वेळी पोस्टाचंच का सांगत बसता?

कारण या अंकांत काय छापलंय ते दुसरं. अंक घरापर्यंत पोचला कसा, हे पहिलं. वर्गणीदार म्हणजे नाव आणि पत्ता. तो कुणाच्या हाती पडला, यावर माणसाची नोकरी, खोली, कधीकधी जीवही अवलंबून असे.

‘वन’चं उदाहरण घ्या. जानेवारी १९५३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं. ऑक्टोबर १९५४चा अंक तिथल्या पोस्टमास्तरने अश्लील ठरवून अडवला. आक्षेप कशावर? एक प्रेमकथा, एक चावट कविता आणि एक जाहिरात. जाहिरात त्या झुरिकच्या ‘डेर क्राइस’ची! म्हणणं असं की ही जाहिरात वाचून लोकांना आणखी अश्लील मजकूर कुठे मिळतो ते कळेल. गंमत म्हणजे त्याच अंकाच्या मुखपृष्ठावरचा लेख त्यांच्या वकिलाचा होता, आणि विषय होता: आपल्याला काय काय छापता येत नाही. वकिलाने खबरदारीची यादी दिली आणि पोस्टमास्तरने तोच अंक धरला. प्रकरण वरपर्यंत गेलं. १३ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडी युक्तिवादही न ऐकता, एका ओळीत, मासिकाच्या बाजूने निकाल दिला. समलिंगी लोकांच्या बाजूने त्या कोर्टाने दिलेला तो पहिला निकाल, आणि तो टपालाच्या हक्काबद्दलचा आहे.

टोरोंटोत उलटं झालं. ३० डिसेंबर १९७७ रोजी पोलीस ‘द बॉडी पॉलिटिक’च्या कचेरीत शिरले आणि खोकी भरभरून कागद घेऊन गेले. निमित्त होतं अल्पवयीन मुलांशी संबंधांविषयीच्या एका लेखाचं. तो लेख मला मुळीच पटत नाही, त्यांच्या स्वतःच्या वाचकांतही त्यावरून भांडणं झाली. पण पोलिसांनी लेखासोबत वर्गणीदारांच्या याद्याही नेल्या. ज्यांनी फक्त वर्गणी भरली होती, त्यांची झोप उडाली असणार.

आता ते पाकीट. १९९७ साली मी रावपुऱ्याजवळ एका वाड्यात भाड्याने राहत होतो. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच टपालपेटी. ‘त्रिकोण’ साध्या खाकी पाकिटात यायचं, वर काही लिहिलेलं नसे, म्हणून मी निर्धास्त. मालकांच्या नातवाला तिकिटं जमवायचा नाद. अमेरिकेची तिकिटं दिसल्यावर पोराने कात्री घेतली आणि तिकिटाबरोबर पाकिटाचा तुकडाही कापला. त्या चौकोनातून आतल्या पानावरची अर्धी ओळ दिसत होती. इंग्रजीतली. मालकांना इंग्रजी चांगलं येत होतं. बोलले काहीच नाहीत. ओट्यावर बसून पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “लग्नाचं कुठवर आलं?” दिवाळीनंतर खोली सोडायला सांगितलं, पुतण्याला हवीय म्हणून. पुतण्या शेवटपर्यंत आला नाही.

त्यानंतर सहा वर्षं माझे अंक बँकेतल्या एका वयस्कर सहकारी बाईंच्या पत्त्यावर येत. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. एकदाच विचारलं, “ताई, माझं थोडं टपाल तुमच्याकडे आलं तर चालेल?” त्या म्हणाल्या, “चालेल की, त्यात काय.” दर दोन-तीन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या पिशवीतून पाकीट माझ्या टेबलावर यायचं, न उघडलेलं, वर कधी लिंबाच्या लोणच्याचा डाग. त्यांनी आत काय आहे ते कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बायकांची स्वतःची मासिकं होती, की सगळं पुरुषांचंच?

होती, आणि माझ्या मते संपादनात तीच सरस. ‘मैत्रीण’ आणि ‘व्हाइस व्हर्सा’ वर आलेच. ‘द लॅडर’ १९५६ ते १९७२ चाललं. ट्रंकेतल्या झेरॉक्स बघा. सुरुवातीची मुखपृष्ठं रेखाचित्रांची, साधी. १९६३ मध्ये बार्बरा गिटिंग्ज संपादक झाल्या आणि त्यांनी हट्ट धरला की मुखपृष्ठावर खऱ्या बाईचा खरा फोटो हवा. तयार कोण होणार? नोव्हेंबर १९६४च्या अंकावर पहिल्यांदा समोर बघणारा चेहरा आला, तो इंडोनेशियात राहणाऱ्या एका वाचक बाईंचा. अमेरिकेतली बाई चेहरा द्यायला तयार होईपर्यंत १९६६ उजाडलं. ब्रिटनचं ‘दिव्हा’ १९९४ पासून निघतंय. आपल्याकडे मुंबईच्या ‘लेबिया’ गटाने ‘स्क्रिप्ट्स’ काढलं, कोलकात्याच्या ‘सॅफो फॉर इक्वॅलिटी’चं ‘स्वकंठे’ बंगाली-इंग्रजीत निघतं.

तो जपानी अंक कसला?

‘बाराझोकु’, म्हणजे ‘गुलाबांची जमात’. १९७१ मध्ये सुरू झालं, २००४ पर्यंत चाललं, आणि सरळ पुस्तकांच्या दुकानांत मिळायचं. प्रकाशक इतो बुंगाकु हे स्वतः समलिंगी नव्हते, संसारी गृहस्थ. वाचक तो घ्यायचे मागच्या पानांसाठी. तिथे बारीक टाइपात शेकडो छोट्या जाहिराती असत: वय, गाव, आवड, ‘पत्र लिहा’. आमचे तरुण सभासद त्या पानांकडे बघून म्हणतात, “काका, हे तर अ‍ॅपच आहे!” आहेच. फक्त उत्तर यायला तीन आठवडे लागायचे.

भारतातलं पहिलं कोणतं?

‘बॉम्बे दोस्त’, १९९०. पत्रकार अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी काढलं. इंग्रजीबरोबर हिंदी पानंही असत, आणि ‘खुश खत’ नावाचं पत्रमैत्रीचं सदर. लोक अंक उलटीकडून वाचायचे, मीही. २००२च्या सुमारास थांबलं, २००९ मध्ये पुन्हा सुरू झालं.

त्याआधी चार वर्षं, १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या भारतीय मुलांनी ‘त्रिकोण’ सुरू केलं होतं. ते परदेशातलं, पण इथे पोचायचं. संदीप रॉय यांनी बरीच वर्षं त्याचं संपादन केलं. छापील अंक २०१४ पर्यंत निघाला. कोलकात्यात ‘प्रवर्तक’ होतं. २०१० पासून ‘गेलॅक्सी’ इंटरनेटवर आहे, हिंदीतही. ‘गेझी’ची मंडळी अधूनमधून देखणा छापील अंक काढतात. तो हातात घेतला की कागदासाठीच पैसे द्यावेसे वाटतात.

आणि मराठीत? मराठीत काहीच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी ट्रंकेच्या तळाशी हात घालायला सांगतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये सुरू झालं आणि १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर बंद पडलं. ते समलिंगी लोकांचं मासिक नव्हतं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, बुवाबाजीविरुद्ध झोड असा त्याचा मामला. पण त्यात वाचकांचे प्रश्न छापले जायचे आणि कर्वे त्यांना सरळ, कोरडी उत्तरं द्यायचे. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही विचारा. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबईच्या कोर्टात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिक लैंगिक प्रश्नांसाठीच आहे, वाचक प्रश्न विचारतात, मग उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा साधा मुद्दा. खटला हरले. दोनशे रुपये दंड. कर्वे पुढे छापतच राहिले.

म्हणजे मराठीत समलिंगी माणसाला छापील उत्तर मिळालं ते प्रश्नोत्तरांच्या सदरात, आणि त्यासाठी कोर्टात उभे राहिले आंबेडकर. १९१७ मध्ये ते याच बडोद्यात गायकवाडांच्या नोकरीत होते, जातीमुळे कुणी राहायला खोली देईना म्हणून त्यांना हे शहर सोडावं लागलं. कामाटीबागेतली संकल्पभूमी त्याची खूण आहे. माझी खोली गेली त्याची त्याच्याशी तुलना होत नाही, मी करतही नाही. पण ‘समाजस्वास्थ्य’ची ती पानं हातात घेतली की कामाटीबाग आठवते खरी.

नंतरच्या काळात पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक’ ट्रस्ट काढला आणि मराठीत या विषयावर सातत्याने लिहिलं. मराठी दिवाळी अंकांत अलीकडे एखादी कथा, एखादा लेख दिसतो. त्यातला निम्मा मजकूर ‘त्यांच्या व्यथा’ या थाटाचा असतो. ‘त्यांच्या’ हा शब्द गेला की मी तो अंक विकत घेईन.

बडोद्याचा या सगळ्याशी काही संबंध?

दोन सांगतो. चित्रकार भूपेन खख्खर १९६०च्या दशकात इथे आले आणि २००३ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. पेशाने हिशेबतपासनीस, गुजरातीत कथा-नाटकंही लिहायचे. १९८१-८२ पासून त्यांनी चित्रांतून आपलं समलिंगी असणं उघड मांडलं. त्या काळातलं त्यांचं एक चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. ‘बॉम्बे दोस्त’ निघायला अजून आठ वर्षं होती.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्राचीच. मार्च २००६ मध्ये राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांनी एका गुजराती दैनिकाच्या इथल्या आवृत्तीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्यांची ‘लक्ष्य’ ही संस्था त्याआधी, २००० पासून, एचआयव्हीच्या कामात होतीच. बातमी आली त्या दिवशी राजपिपळ्यात पुतळे जाळले. काही महिन्यांनी घरच्यांनी नातं तोडल्याची जाहीर नोटीस दिली, तीही वर्तमानपत्रातच. त्या सकाळी मी सेव-उसळ खायला उभा होतो आणि गाडीभोवती सगळे तोच पेपर वाचत होते. एक जण म्हणाला, “राजा माणूस, त्याला काय!” दुसऱ्याने मान हलवली आणि तर्री वाढवून मागितली. मी मान खाली घालून खात राहिलो.

संपादकांना कधी शिक्षा झाली का?

लंडनच्या ‘गे न्यूज’चे संपादक डेनिस लेमन यांच्यावर १९७७ मध्ये एका कवितेवरून ईश्वरनिंदेचा खटला चालला. नऊ महिन्यांची कैद, तीही स्थगित, आणि पाचशे पौंड दंड. पत्राला हजार पौंड. इंग्लंड आणि वेल्समधला तो कायदा २००८ मध्ये रद्द झाला.

बांगलादेशात जुल्हाज मन्नान यांनी २०१४ मध्ये ‘रूपबान’ सुरू केलं, लोककथेतल्या नायिकेचं नाव. २५ एप्रिल २०१६ रोजी ढाक्यात त्यांची आणि त्यांचे सहकारी महबूब रब्बी तनय यांची घरातच हत्या झाली. मारेकरी कुरिअरवाले बनून आले होते.

युगांडात २०१० मध्ये एका टॅब्लॉइडने समलिंगी लोकांची नावं, फोटो, पत्ते छापले. त्यांच्यातले कार्यकर्ते डेव्हिड काटो कोर्टात गेले, जानेवारी २०११ मध्ये जिंकले, आणि त्याच महिन्यात त्यांचा खून झाला. पत्ता हे कसलं हत्यार होऊ शकतं, ते इथे दिसतं. २०१४च्या अखेरीस काशा नबागेसेरा आणि त्यांच्या साथीदारांनी ‘बॉम्बॅस्टिक’ काढून तिथेच फुकट वाटलं. या वेळी लोकांनी आपल्या गोष्टी आपणच लिहिल्या होत्या.

एड्सच्या काळात या पत्रांनी काय केलं?

आधी बातमी दिली. १८ मे १९८१ रोजी ‘न्यूयॉर्क नेटिव्ह’मध्ये एका डॉक्टरने त्या अनोळखी आजाराबद्दल लिहिलं, मोठ्या वर्तमानपत्रांच्या कित्येक आठवडे आधी. लेखाचा सूर ‘अफवांत फारसं तथ्य नाही’ असा होता. हे सांगायला हवं, नाहीतर आपण त्यांना द्रष्टे करून टाकतो.

आणि मग मृत्युलेख. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बे एरिया रिपोर्टर’मध्ये दर आठवड्याला पानंच्या पानं भरून छोटे फोटो आणि नावं येत राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये एका आठवड्यात एकही मृत्युलेख आला नाही. त्यांनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तेवढंच छापलं: मृत्युलेख नाहीत.

एलजीबीटीला शुद्ध मराठी शब्द काय?

‘समलिंगी’, ‘उभयलिंगी’, ‘पारलिंगी’ चालतात. ‘तृतीयपंथी’ सरसकट सगळ्यांना लावू नका. ‘क्विअर’ आता मराठीच समजा. आमच्या बैठकीत लोक ‘आपल्यातला’ म्हणतात. बडोद्याच्या मराठीला तेवढं पुरतं.

आता छापील अंक उरलेत का कुठे?

उरलेत, पण पातळ झालेत. टोरोंटोच्या ‘एक्स्ट्रा’ने २०१५ मध्ये छपाई थांबवली. जाहिराती इंटरनेटवर गेल्या, तसे पैसेही गेले. ‘वॉशिंग्टन ब्लेड’ची मालक कंपनी नोव्हेंबर २००९ मध्ये दिवाळखोर झाली. कर्मचाऱ्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या नावाने पत्र काढलं आणि पुढच्या वर्षी जुनं नाव सोडवून आणलं. सिडनीचं ‘स्टार ऑब्झर्व्हर’ १९७९ पासून आहे. यांतली बरीच पत्रं फुकट वाटली जातात, म्हणजे वर्गणीदारांची यादीच नाही. ही सोय मला फार आवडते.

जुनं बघायचं असेल तर लॉस एंजेलिसला ‘वन’च्या नावाचंच मोठं संग्रहालय आहे, टोरोंटोला ‘बॉडी पॉलिटिक’च्या कागदांतून वाढलेलं, आणि बंगळुरूला ‘कामरा’.

हे अंक जवळ बाळगणं कायदेशीर आहे ना?

आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. मासिक बाळगणं हा गुन्हा त्याआधीही नव्हता. अश्लीलतेचा कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे.

आपण बडोद्यातून मराठी अंक काढूया का?

दर सहा महिन्यांनी हा ठराव होतो. नियमित अंक काढायचा तर नोंदणी लागते. १८६७चा जुना कायदा गेला, १ मार्च २०२४ पासून नवा लागू आहे आणि अर्ज ऑनलाइन करायचा. अर्ज अवघड नाही. अर्जावर प्रकाशक म्हणून कुणाचं नाव आणि कुणाचा पत्ता घालायचा, तिथे येऊन खोलीत सगळे पंख्याकडे बघायला लागतात. मीही बघतो.

अंक घरी नेता येतो का?

झेरॉक्स नेता येते. अस्सल नाही.

आमच्याकडे जुने अंक आहेत, द्यायचे आहेत. कसे द्यायचे?

पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, देऊ नका. गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या मामांच्या माळ्यावरून काढलेला गठ्ठा आणला. वर ‘गृहप्रवेश आमंत्रणं’ असं मामांच्या हस्ताक्षरात, आत ‘बॉम्बे दोस्त’चे पहिल्या काही वर्षांतले अंक. मामा गेले होते. ती म्हणाली, कुणालाच माहीत नव्हतं. अंकांवर नाव-पत्त्याची चिठ्ठी डकवलेली असेल तर ती तुम्हीच सोडवून या, ओल्या फडक्याने पाच मिनिटं धरली की निघते. तिच्या मामांच्या चिठ्ठ्या काढायला मी बसलो, तर पत्ता दुसऱ्याच कुणाचा निघाला, कारेलीबागेतल्या एका बाईंचा. त्या चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. पिवळ्या फाइलमध्ये आहेत, मागितल्या तरी दाखवत नाही.